निवृत्त रेसचा घोडा अंगाने भरावा पण गरम होऊ नये, यासाठी खुराक कसा ठरवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेसमधून निवृत्त झालेला आठ वर्षांचा थरोब्रेड, खच्ची केलेला, पुण्याजवळच्या फार्मवर ठेवलेला. आठवड्यातून चार-पाच दिवस तासभर हलकी रपेट. बरगड्या लांबून मोजता येतात, पाठीचा कणा वर आलाय. छातीचा घेर १७८ सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे घोड्याच्या मागच्या भागाच्या, टोकापर्यंत लांबी १६० सेंमी. सध्या दिवसाला हरभरा ३ किलो (कोरडं वजन, भिजवून), जवाचा भरडा २ किलो, गूळ पाव किलो, हे सगळं दोन वेळांत विभागून, आणि ज्वारीचा कडबा ४ ते ५ किलो. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, वाढवली की अंगावर काही चढत नाही. उलट घोडा गरम होतो, म्हणजे रपेटीत उड्या मारतो, कागद उडाला तरी बुजतो, ठाणावर फेऱ्या घालत राहतो. मग द्यायचं तरी काय?

आधी वजन काढू, कारण त्याशिवाय पुढचा एकही आकडा मांडता येत नाही. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, सगळं सेंटिमीटरमध्ये. तुमच्या मापांवरून घोडा साधारण ४२७ किलोचा येतो. फीत कोपराच्या लगेच मागून, पाठीच्या उंचवट्यावरून फिरवायची आणि घोड्याने श्वास सोडल्यावर वाचायची. दर पंधरा दिवसांनी, सकाळी चाऱ्याआधी, त्याच माणसाने माप घ्यावं. या मोजमापात थोडी चूक राहतेच, पण चूक दर वेळी सारखी असली की वजन वाढतंय की घटतंय ते बरोबर कळतं.

आता सध्याच्या चंदीत पिष्ट, म्हणजे स्टार्च, किती जातं ते बघा. हरभऱ्यात ढोबळमानाने ४० टक्के आणि जवात ५० टक्क्यांहून थोडं जास्त पिष्ट असतं. ३ किलो हरभऱ्यातून १.२ किलो आणि २ किलो जवातून साधारण १ किलो, म्हणजे दिवसाला सव्वादोन किलोच्या आसपास. दोन वेळांत विभागलं तर एका तोबऱ्यात (चंदीच्या पिशवीत) १,१०० ग्रॅम. घोड्याच्या लहान आतड्याची ताकद मात्र मोजकी आहे. एका वेळेला दर किलो वजनामागे १ ग्रॅम पिष्ट ही सुरक्षित मर्यादा धरतात. तुमच्या घोड्यासाठी ती ४२७ ग्रॅम होते. तुम्ही अडीच पट देताय.

लहान आतड्यात न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जंतू खरं तर गवताचा तंतू पचवायला बसलेले असतात. पिष्ट मिळालं की आम्ल तयार करणारे जंतू फोफावतात, आतड्यातला आम्लपणा वाढतो आणि तंतू पचवणारे जंतू मरतात. त्यामुळे तुमचा कडबासुद्धा नीट पचत नाही. घोड्याला पोटात सतत अस्वस्थ वाटतं. दुसरीकडे जेवढं पिष्ट लहान आतड्यात पचतं, तेवढ्याने रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि उतरते. अंगात येणं, बुजणं, फेऱ्या घालणं हे बऱ्याच अंशी या दोन्हींतून येतं. हे पाचवेळा चंदी देऊनही सुटेल, पण तुमच्याकडे दिवसातून पाच वेळा तोबरा चढवणारा मोतद्दार (घोडा सांभाळणारा माणूस) असेल असं वाटत नाही, आणि मुळात तेवढ्या धान्याची गरजच नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर सकाळची ताजी लीद हातमोजा घालून फोडून बघा. चांगली लीद ओलसर, गोळे धरलेली, जमिनीवर पडल्यावर अर्धवट फुटणारी असते आणि तिला गवताचा वास येतो. तिच्यात हरभऱ्याची अख्खी दळं दिसली, गोळे बांधले गेले नसले, वास आंबट आला, तर चंदी पचत नाही. दोन सेंटिमीटरहून लांब कडब्याचे तुकडे जसेच्या तसे दिसले तर दात बघायची वेळ झाली आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. खाली जो खुराक देतोय त्याची कागदावरची ऊर्जा तुमच्या सध्याच्या खुराकाएवढीच आहे, किंबहुना किंचित कमी. तरी घोडा त्याच्यावर भरतो, कारण तो पचतो, आणि ठाणावर फेऱ्या घालण्यात वाया जात नाही. म्हणून कॅलरी वाढवण्याच्या मागे न लागता त्या कुठून येतात ते बदला.

पण खुराक बदलण्याआधी डॉक्टरांकडून चार गोष्टी तपासून घ्या. दात: दाढांच्या कडा धारदार झाल्या की घोडा घास चघळून गोळा करून टाकतो, ठाणात असे गवताचे गोळे सापडतात. जंत: लीद तपासून औषध द्या. गुरांसाठीचं इंजेक्शन अंदाजाने टोचू नका. जठरातले व्रण: रेसच्या घोड्यांत हे फार आढळतात, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणं, चंदी अर्धी टाकणं, लाकूड धरून हवा गिळणं ही लक्षणं, असा घोडा दुखण्यामुळेच चिडका असतो, आणि त्याला खुराकाने पूर्ण गुण येत नाही. आणि सर्रा. घोडमाशी चावून पसरणारा हा रोग पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांना सूज येते, डोळ्यांची आतली त्वचा फिकी पडते, आणि घोडा खातोय तरी वाळत जातो. रक्त तपासल्याशिवाय सर्रा नाही असं समजू नका.

आता वैरण. यातच निम्म्याहून जास्त उत्तर आहे. घोड्याला दिवसाला वजनाच्या किमान दीड टक्का कोरडी वैरण लागते. वजन वाढवायचं तर दोन ते अडीच टक्के. तुमच्या घोड्याला किमान साडेसहा किलो, आणि आत्ता साडेआठ ते दहा किलो. तुम्ही चार-पाच किलो देताय. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, लाळ मात्र चघळतानाच सुटते, आणि लाळच त्या आम्लाला आवर घालते. एक किलो गवत खायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात, एक किलो धान्य दहा मिनिटांत संपतं. पाच किलो कडब्यावर आणि पाच किलो चंदीवर असलेला घोडा दिवसातले जवळपास एकोणीस तास रिकाम्या तोंडाने उभा असतो. तो शांत कसा राहील?

कडब्याने पोट भरतं, पण त्याचा दांडा कठीण आणि पचायला जड. नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या आणि पाणी कमी पिणाऱ्या घोड्याला आतड्यात गच्च बसून पोटशूळ होतो. कडबा दोन किलोवर आणा, तीन ते पाच सेंटिमीटर कुट्टी करून. फार बारीक कुट्टी करू नका, न चावता गिळली जाते. बाकी सगळं वाळलेलं गवत: मारवेल मिळालं तर सर्वांत चांगलं, नाहीतर पवना किंवा मिश्र डोंगरी गवत. गवत फुलोऱ्याच्या सुमाराला, हिरवट छटा असताना कापलेलं घ्या. दिवाळीनंतर पूर्ण पिवळं पडून बी झडलेलं गवत दिसायला भरपूर, खायला काडी. घेताना पेंढी सोडून बघा: आत बुरशीचा पांढरा भुरका, कुबट वास किंवा धूळ असेल तर घेऊ नका. आणि कुसळं बघा. कुसळी गवताची टोकं ओठ, जीभ आणि हिरड्यांत रुततात, जखमा होतात, आणि चांगला खाणारा घोडा एकाएकी खाणं टाकतो. तोंड उघडून बघेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

हिरवा चारा म्हणून हत्तीघास किंवा संकरित नेपियर रोज पोटभर घालू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन् महिने दिलं तर हाडं पोकळ होतात, चेहऱ्याची हाडं फुगतात, घोडा लंगडू लागतो. उसाच्या वाढ्यांनाही तोच दोष आहे. कोवळी हिरवी ज्वारी तर घोड्याला अजिबात नको, तिच्यात विषारी सायनाइड तयार होतं.

लसूणघास (ल्युसर्न) हा तुमचा खरा मित्र. वाळवलेला दिवसाला २ किलो द्या. हिरवा असेल तर त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, म्हणून २ किलो वाळलेल्याऐवजी ८ ते १० किलो हिरवा लागेल. कापून काही तास सावलीत सुकवून द्या, ढीग करून तापलेला देऊ नका. प्रथिनं, कॅल्शियम दोन्ही भरपूर, पिष्ट नगण्य, आणि त्यातलं कॅल्शियम जठरातल्या आम्लालाही थोपवतं. लसूणघासाने घोडा गरम होतो अशी समजूत आहे. धान्य पाच किलो ठेवून वर काहीही दिलं तरी तो होईलच. धान्य काढून दिला तर सहसा होत नाही.

चंदीत आता तंतू आणि तेल. सहज पचणारा तंतू म्हणजे सोयाबीनचं टरफल. लातूरकडच्या सोयाबीन कारखान्यांतून निघतं, पशुखाद्याच्या मोठ्या दुकानात मागवता येतं. पिष्ट फार थोडं, आणि मोठ्या आतड्यात हळूहळू आंबून ऊर्जा देतं. त्यात कच्च्या सोयाबीनचे तुकडे नकोत, कच्च्या सोयाबीनने प्रथिनांचं पचन अडतं. टरफल नाही मिळालं तर डाळमिलमधलं हरभऱ्याचं टरफल चालतं, मात्र टरफल आणि चुनी यांत गल्लत होते. चुनीत डाळीचे तुकडे असतात, म्हणजे पुन्हा पिष्ट. मूठभर माल पाण्याच्या वाटीत टाका: टरफल तरंगतं, डाळ तळाला बसते. तळाला जाड थर बसला तर दुकानदाराला परत करा.

तेलाचं गणित सोपं आहे. वजनाला वजन धरलं तर तेलात धान्याच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते आणि त्याने रक्तातली साखर उसळत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी १९९६ मध्ये मक्याचं तेल आणि सोया लेसिथिन (सोयाबीनमधला एक स्निग्ध पदार्थ) घातलेल्या खुराकाचा घोड्यांच्या वागण्यावर काय परिणाम होतो ते तपासलं होतं. चरबीवर ठेवलेले घोडे कमी दचकत होते. सोयाबीन किंवा राइस ब्रान तेल, रिफाइंड, ताजं. तळणीचं उरलेलं तेल कधीही नको. सुरुवात दिवसाला ५० मिलीपासून, दर तीन-चार दिवसांनी ५० मिली वाढवत ३०० मिलीवर या, म्हणजे अडीच-तीन आठवडे लागतात. घाई केली तर लीद सैल आणि तेलकट होते, आणि घोडा चंदीला तोंड लावत नाही. असं झालं तर एक पायरी मागे येऊन आठवडाभर थांबा. तेल वाढलं की ई जीवनसत्त्वाची गरज वाढते. वाळलेल्या गवतात ते कमीच असतं, म्हणून रोज ८०० ते १,००० युनिट द्या. तुपाची सवय अनेकांना आहे. तुपाने वाईट काही होत नाही, पण जे काम तेल करतं त्यासाठी कितीतरी जास्त पैसे जातात.

तर रोजचा खुराक असा: वाळलेलं गवत आणि कडबा मिळून ७ किलो, वाळलेला लसूणघास २ किलो, सोयाबीनचं टरफल दीड किलो, सोयाबीन पेंड ३०० ग्रॅम, जवस १०० ग्रॅम, तेल ३०० मिली, मीठ ४० ते ४५ ग्रॅम, आणि घोड्यांसाठीचं मिनरल मिश्रण पाकिटावरच्या मात्रेत. हरभरा, जव आणि गूळ शून्य. सोयाबीन पेंड पाठीच्या स्नायूंसाठी आहे. नुसत्या चरबीने बरगड्या झाकतात, पण कण्याच्या दोन्ही बाजूंचे खड्डे भरायला चांगली प्रथिनं आणि व्यायाम दोन्ही लागतात. जवस उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटं चांगला उकळा, गार करून द्या. कोमट पाण्यात नुसता भिजवून ठेवू नका. तेवढ्याने त्यातलं सायनाइडचं घटकद्रव्य मोकळं होतं, उकळल्याने ती क्रियाच थांबते. टरफल दुप्पट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून त्यात बाकी सगळं कालवा. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कालवलेलं घमेलं चार तासांत आंबतं, म्हणून प्रत्येक वेळचं वेगळं भिजवा.

वेळा: पहाटे पहिल्यांदा गवत, अर्ध्या-पाऊण तासाने चंदीचा पहिला हिस्सा. रपेटीआधी अर्धा तास दोन मुठी लसूणघास, म्हणजे रिकाम्या जठरातलं आम्ल वर उसळत नाही. दुपारी गवत, संध्याकाळी चंदी, आणि रात्री झोपण्याआधी गवताचा सर्वांत मोठा भारा, निदान तीन किलो. रात्रीची वैरण चुकवू नका, तुमच्या घोड्याच्या फेऱ्या बहुधा तिथेच सुरू होतात. गवत बारीक जाळीच्या पिशवीत टांगलं तर तेच तीन किलो दुप्पट वेळ पुरतं. पाणी सतत समोर, दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

हा बदल एका दिवसात करायचा नाही. आधी फक्त गवत वाढवा, चार-पाच दिवस. मग दर दोन दिवसांनी अर्धा किलो धान्य काढून तेवढं टरफल आणि लसूणघास घाला, आधी जव आणि मग हरभरा. सगळं बदलायला साडेतीन आठवडे धरा. या काळात घोडा लोळायला लागला, कुशीकडे बघू लागला, लीद थांबली, तर चंदी बंद करून लगेच डॉक्टरांना बोलवा.

भाताचा कोंडा हाही चांगला पर्याय आहे, पण फसवणूक इथेच जास्त होते. बाजारात जो स्वस्त कोंडा मिळतो तो बहुतेक तेल काढलेला असतो, म्हणजे ज्या चरबीसाठी आपण तो घेतो तीच त्यात नाही. भंडारा, गोंदिया किंवा कोकणातल्या भातगिरणीतून ताजा मिळाला तर घ्या. ताज्याला गोडसर वास असतो आणि मुठीत दाबला की गोळा धरतो. तूस मिसळलेला असेल तर बोटांना टोचतो. तेल असलेला कोंडा आपल्या हवेत दोन-चार दिवसांत खवट होतो. आणल्याच दिवशी कढईत मंद आचेवर भाजला तर टिकतो, तरी आठवड्यात संपवा. त्यात फॉस्फरस प्रचंड आणि कॅल्शियम जवळपास नाही, म्हणून एक किलो कोंड्यामागे ४० ग्रॅम खाद्यासाठीची चुनखडी पूड घाला. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) नको, त्यात पुन्हा फॉस्फरसच असतो. पानाला लावायचा चुना तर मुळीच नको, तो तोंड भाजतो. गव्हाच्या कोंड्याचंही हेच. आठवड्यातून एकदा लापशी ठीक, रोज दोन-तीन किलो घालणं म्हणजे हाडं पोखरणं.

दोन गोष्टी मात्र कधीही देऊ नका. एक, दुभत्या गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, आणि घोड्याला त्याची थोडी मात्राही हृदयाचे स्नायू मारते, उतारा नाही. खाद्याची गोणी, घमेलं, माप हेही वेगळं ठेवा. दुसरी, बुरशीचा संशय असलेली शेंगदाणा पेंड. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, यकृत खातं, आणि मग कितीही खाऊ घाला, घोडा वाळतच जातो.

किती दिवसांत काय दिसेल? स्वभावातला फरक धान्य निघाल्यावर दोन-तीन आठवड्यांत कळायला हवा. वजनाचं मात्र सबुरीने घ्या. घोड्यावर एक किलो वजन चढवायला रोजच्या गरजेवर साधारण २० ते २४ मेगाकॅलरी लागतात. या खुराकात तुमच्या घोड्याला रोज अंदाजे सहा मेगाकॅलरी शिल्लक राहतात, म्हणजे दिवसाला पाव किलोच्या आसपास, दोन महिन्यांत पंधरा ते अठरा किलो. हेनेकेने १९८३ मध्ये घोड्याच्या अंगावरची चरबी जोखण्यासाठी मांडलेल्या १ (अगदी रोड) ते ९ (फार लठ्ठ) च्या मापावर ती एक पायरी होते. तुमचा घोडा वर्णनावरून ३ वर वाटतो, त्याला ५ वर यायला चार महिने. पहिल्या पंधरवड्यात पोट मोठं दिसेल, ते गवताचं. त्यावर खूश होऊ नका. डोळ्यांवर न जाता बोटं वापरा: बरगड्यांवर हात सपाट फिरवा, आधी प्रत्येक बरगडी काठीसारखी लागते, मग त्यांच्यामध्ये मऊ भरीव लागू लागतं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दाबून बघा, तिथली चरबी सगळ्यात आधी हाताला कळते. घोडा ५ वर आला की तेल आधी निम्मं करा.

सहा आठवड्यांत फीत हललीच नाही आणि आजार नाही हे पक्कं असेल, तर तेल ४०० मिलीपर्यंत न्या. त्यानंतरही गरज असेल तरच शिजवलेला जव, कोरडं वजन दिवसाला एक किलो, दोन वेळांत. अर्ध्या किलोत अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅम पिष्ट येतं, ते मर्यादेत आहे, आणि शिजवल्यामुळे लहान आतड्यातच पचतं. दाणा बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवा. ज्या दिवशी रपेट नाही त्या दिवशी जव द्यायचा नाही.

रोज निदान चार तास घोडा मोकळा सोडा. तो कोंडलेला राहिला तर कोणताही खुराक त्याला शांत करणार नाही. घोडा शांत करणाऱ्या पावडरींवर पैसे घालवण्याआधी ही मोकळीक द्या. त्या पावडरींचा पुरावा फार कच्चा आहे.

मारवाडी किंवा काठेवाडी घोडा असता तर उत्तर वेगळं असतं. ते साडेतीनशे किलोच्या आसपासचे, थोड्यावर भरणारे. दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेआधी दूध, गूळ, तूप, हरभरा देऊन त्यांना चकाकी आणतात. पूर्ण वाढलेल्या घोड्याला दूध नीट पचत नाही, आणि मानेवर चरबीची ताठ वळी आलेला घोडा दिसायला भारी असला तरी त्याच्या खुरांना लॅमिनायटिसचा (खुराच्या आतल्या दाहाचा) धोका असतो. अशा घोड्याला वरचा खुराक तेल आणि लसूणघास निम्म्यावर आणूनच द्या. आणि ज्याची नुसती हाडं उरली आहेत, ज्याचं माप १ किंवा २ वर आहे, त्याला यातलं काहीच एकदम देऊ नका: पहिले दहा दिवस फक्त लसूणघास, दर चार तासांनी थोडा थोडा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उपाशी शरीरात अचानक धान्य गेलं तर रक्तातले क्षार ढासळून घोडा दगावतो.